खबर वर पोचू द्या : नाशिकच्या आपत्ती व्यवस्थापनाला एक खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नाशिक.

विषय : टॉवरशिवाय चालणाऱ्या लोरा मेश संदेशजाळ्यासाठी काही उंच जागा आणि एक ऐकणारा माणूस मिळण्याबाबत.

महोदय,

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेक विचारत नाही, मारुती विचारतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला का, की छातीला? क्युसेकचा आकडा पाटबंधारे खात्याकडून येतो, पण मारुतीची बातमी घाटावरचा फुलवाला देतो. तो भांडीबाजारातल्या भाच्याला फोन करतो, भाचा सराफ बाजारात सांगतो आणि माल वरच्या फळीवर चढायला लागतो. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात हेच झालं. पूर नेमका कुठल्या गल्लीत शिरला आहे हे सगळ्यांत आधी त्या गल्लीतल्या माणसालाच कळतं.

आपल्या यंत्रणेत वरून खाली सूचना देण्याची सोय आता बरी आहे. सेल ब्रॉडकास्टचे चाचणी-संदेश सगळ्यांनी ऐकले, खिशातला फोन अचानक बोंबलायला लागला तेव्हा अर्धं शहर दचकलं होतं. सायरन आहेत, पोलिसांच्या गाडीवरचे भोंगे आहेत, घंटागाडीसुद्धा आहे. खालून वर खबर यायची मात्र एकच वाट आहे, मोबाइल. आपल्या आपत्ती कक्षाचा १०७७ लावायचा तर रेंज हवी, १०८ लावायचा तरी रेंज हवी. वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, डिझेल घेऊन निघालेली गाडी दरड कोसळल्यामुळे घाटातच अडकली, की ती एक वाटही बंद.

आणि पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरीच्या कितीतरी पाड्यांवर ती वाट उन्हाळ्यातही धड नसते. तिथे डोंगराच्या सोंडेवर एक ठरलेली जागा असते. तिथे उभं राहून, फोन वर धरून, तोंड एका विशिष्ट दिशेला केलं की दोन कांड्या येतात. आशाताईंना ती जागा माहीत असते. साप चावलेल्या पोराला खाटेवर ठेवून घरचं कुणीतरी पावसात त्या सोंडेकडे धावतं, हे आपल्या कार्यालयाला मी नव्याने सांगायला नको.

या पत्राची मागणी या वाटेपुरतीच आहे.

मी महात्मा गांधी रोडवर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो. हौस म्हणून आम्ही काही जण लोरा मेशवर प्रयोग करतो. लोरा हे लांब पल्ल्याचं, अगदी कमी विजेवर चालणारं रेडिओ तंत्र. त्याचा उगम फ्रान्समधल्या ग्रनोबलचा. ते विकसित करणारी सायक्लिओ ही कंपनी २०१२ मध्ये सेमटेकने विकत घेतली आणि आज त्या चिपा जगभर पाण्याच्या मीटरपासून शेतातल्या सेन्सरपर्यंत बसतात. लोराचा सिग्नल एका कंप्रतेवर स्थिर राहत नाही. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत जातो, त्यामुळे आजूबाजूच्या गोंगाटाखाली दबलेला असला तरी रिसीव्हरला ओळखू येतो. मोबदल्यात वेग जातो. इथे फोटो नाही, आवाज नाही, व्हिडिओ तर नाहीच. फक्त मजकूर, तोही थोडका.

या चिपांवर मेशटास्टिक नावाची मुक्त प्रणाली २०२० पासून चालते. मेशकोअर नावाची दुसरीही आहे. कोणती चांगली यावर आमच्यात चहाच्या टपरीवर रोज भांडण होतं, त्यात आपल्याला ओढत नाही. दोन-तीन हजारांचा एक बोर्ड, एक अँटेना, एक सेल. बोर्ड ब्लूटूथने फोनला जोडायचा आणि फोनवर मजकूर लिहायचा. सिम नाही, इंटरनेट नाही, टॉवर नाही. ऐकलेला संदेश प्रत्येक नोड, म्हणजे असा एकेक बोर्ड, पुन्हा एकदा बोलून पुढे ढकलतो, हीच मेश, म्हणजे जाळं. सगळे एकदम बोलले तर नुसता कल्ला होईल, म्हणून ज्याला सिग्नल मंद ऐकू आला, म्हणजे जो बहुधा लांब आहे, त्याला आधी बोलू दिलं जातं. त्याने पुढे दिलेलं जवळच्यांनी ऐकलं की ते गप्प बसतात. असे मुळात तीन टप्पे मिळतात, सेटिंग बदलून सातपर्यंत नेता येतात.

कागदावर हे छान दिसतं. नाशिकच्या जमिनीवर त्याचं काय होतं ते सांगतो, कारण सगळी मागणी त्यातूनच निघते.

पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर नोड ठेवला तर संदेश दोन गल्ल्या ओलांडतानाच दमतो. दगडी भिंती, अरुंद बोळ, वर पत्रे. तोच नोड उंच गच्चीवर नेला की पांडवलेण्यांच्या डोंगराशी थेट बोलतो, कारण मधे अडवायला काही उरत नाही. ८६५ मेगाहर्ट्झच्या या रेडिओला ताकदीपेक्षा नजर लागते, समोरचा दिसला पाहिजे. म्हणून पाड्यापाड्यावर शंभर नोड वाटण्यापेक्षा चार-पाच योग्य उंचीवर एकेक नोड जास्त काम करतो. अंजनेरीवरून एका बाजूला त्र्यंबक आणि दुसऱ्या बाजूला नाशिक येतं. पेठकडे जायचं तर सावळघाटाच्या माथ्याला पर्याय नाही. हरसूलकडे त्र्यंबकच्या पलीकडची आणखी एखादी धार लागेल, आणि ती कुठली हे नकाशावर ठरत नाही, पायी जाऊन पाहावं लागतं.

अडचण अशी की यातली एकही उंची आमची नाही. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे खिळासुद्धा ठोकू नये आणि आम्ही ठोकणारही नाही. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथल्या कड्यांवर गिधाडं आहेत, दुर्मीळ वनस्पती आहेत. नवा खांब रोवायचा प्रश्नच नाही. शिवाय अंजनेरी हनुमानाचं जन्मस्थान मानतात, तेव्हा उघड्यावर लावलेली अँटेना मारुतीच्या वंशजांच्या हाती लागणार नाही याची हमी मी तरी देत नाही. पण सरकारी मालकीच्या कितीतरी गोष्टी उंचावर आधीच उभ्या आहेत : पोलिस बिनतारीचे मनोरे, महापालिकेच्या पाण्याच्या टाक्या, वन खात्याच्या चौक्या, ग्रामपंचायतींच्या इमारती, आश्रमशाळांच्या गच्च्या. आम्हाला त्यावर एक वीतभर डबा लावायचा आहे.

डब्यात काय असतं? पाणी न शिरणारी करड्या रंगाची विजेची पेटी, आत बोर्ड आणि एक-दोन लिथियम सेल, वर शाळेच्या पाटीएवढं सोलर पॅनल, बाजूला हातभर अँटेना. बोर्ड निवडताना एक काळजी घ्यावी लागते. स्वस्तात मिळणारे ईएसपी३२ चिपचे बोर्ड वीज खातात. नॉर्डिकच्या चिपचे बोर्ड थोडे महाग, पण एका चांगल्या सेलवर सूर्य न दिसताही आठवड्याहून जास्त चालतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या श्रावणात सूर्य किती दिवस रुसतो हे लक्षात घेतलं तर तिथे स्वस्त बोर्ड लावणं म्हणजे पावसाळ्यात नेमकं बंद पडणारं यंत्र लावणं. अँटेना न जोडता नोड चालू केला तर रेडिओ जळू शकतो, म्हणून जो कुणी डबा उघडेल त्याच्यासाठी झाकणाच्या आतून मराठीत चिठ्ठी चिकटवलेली असावी. मोबाइल टॉवरच्या अगदी कुशीत डबा लावूनही उपयोग नाही. काही कंपन्यांचा सिग्नल ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणजे आमच्या पट्ट्याला लागूनच, आणि इतक्या जवळून त्याचा दणका बसला की आमचा रिसीव्हर बधिर होतो. थोडं अंतर ठेवावं लागतं किंवा फिल्टर लावावा लागतो.

आता मजकुराचं बघा. एका संदेशात साधारण २०० बाइट बसतात. रोमन लिपीत एक अक्षर एक बाइट खातं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, उकार, अनुस्वार हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. ‘रामकुंड’ रोमनमध्ये सात बाइटचं, आपल्या लिपीत एकवीस. म्हणजे मराठीत एका संदेशाला जेमतेम साठ-पासष्ट चिन्हं मिळतात. ‘होळकर पूल पाणी वाढतंय’ एवढं लिहिलं की ५७ बाइट गेले. तरी पुरेसं आहे, पण ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात केली तर मुद्दा यायच्या आधीच जवळजवळ निम्मी जागा संपलेली असेल. (सरकारी पत्रव्यवहारासाठीही ही मर्यादा एकदा लावून बघावी, अशी एक नम्र सूचना जाता जाता.) मूळ सेटिंगवर लांबलचक संदेश एका टप्प्याला सुमारे दोन सेकंद हवा अडवून ठेवतो आणि तेवढा वेळ त्या परिसरात दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. म्हणून पाडा, काय झालं, किती माणसं, काय हवं, एवढ्याच चार गोष्टी याच क्रमाने लिहायचा साचा ठरवून देता येईल. मराठीतच ठेवावा. घाबरलेल्या माणसाला रोमनमध्ये स्पेलिंग आठवत बसायला लावू नये.

यावरून कुंभमेळ्याकडे येतो. गेल्या काही महिन्यांत ज्याच्याशी बोललो त्याने ‘म्हणजे कुंभात वापरता येईल’ हेच पहिलं वाक्य म्हटलं. ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण, मग २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ ची अमृतस्नानं. ऐन पावसाळा, नदीला पाणी, रामकुंडावर पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकाच्या हातात फोन. मोह होतो हे खरं. तरी माझं स्पष्ट मत आहे की भाविकांच्या हातात हे यंत्र देऊ नये आणि कुणी कंपनी ‘कुंभ मेश’ नावाने हजारो उपकरणं विकायला आली तर तिला दारातूनच नमस्कार करावा. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तपोवन ते रामकुंड एवढ्या पट्ट्यात हजारभर नोड आपापली जागा, बॅटरी आणि ‘जय श्रीराम’ पाठवायला लागले तर जाळं कोसळेल आणि ज्याला खरंच काही सांगायचं आहे तोच अडकेल. २७ ऑगस्ट २००३ रोजी इथल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा जाळ्याने ते टळलं असतं असा दावा मी करणार नाही. गर्दी रस्त्याच्या रुंदीने, बॅरिकेडने आणि पोलिसांच्या नियोजनाने सांभाळली जाते, संदेशाने नाही.

कुंभात याचा उपयोग मर्यादित आहे, पण खरा आहे. ठरावीक घाटांवरचे, पुलांवरचे, साधुग्रामातले आणि त्र्यंबकच्या वाहनतळांवरचे ठरवून नेमलेले स्वयंसेवक, संख्या मोजकी, चॅनल वेगळा, जागेची माहिती आपोआप पाठवणं बंद. मोबाइल जाम झाला तरी कुठे काय चाललंय एवढं नियंत्रण कक्षाला कळत राहील. तिथे वॉकीटॉकी असतील, असाव्यातच. पण आवाजाच्या गदारोळात ऐकू न आलेलं वाक्य हरवतं, लिहिलेलं राहतं.

अफवेचा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. सगळ्यांना खुल्या चॅनलवर कोणीही कोणत्याही नावाने काहीही लिहू शकतो. ‘धरण फुटलं’ हे नऊ चिन्हांचं आहे, एका संदेशात कित्येक वेळा बसेल. म्हणूनच माझं म्हणणं आहे की या जाळ्यावरून जनतेला सूचना देऊच नयेत, त्यासाठी अधिकृत मार्ग आहेत. खबर कक्षाकडे यावी, कक्षाने तपासावी आणि जाहीर काय करायचं ते नेहमीच्या मार्गाने करावं. मेशटास्टिकमध्ये २०२४ पासून एका नोडवरून दुसऱ्या नोडला जाणारा थेट संदेश स्वतंत्र सांकेतिक किल्ल्यांनी कुलूपबंद केलेला असतो. कक्षाच्या आणि पाठवणाऱ्यांच्या नोडच्या जाहीर किल्ल्या आधी एकमेकांना देऊन ठेवल्या तर पाठवणारा कोण हेही बऱ्यापैकी ठरवता येतं. चॅनलवरच्या संदेशाला ती सोय नाही.

यापेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. संदेश पाठवला की फोनवर खूण येते आणि माणूस निर्धास्त होतो. चॅनलवर ती खूण फक्त एवढंच सांगते की कुठल्या तरी नोडने तो पुढे दिला. थेट संदेशाची खूण सांगते की समोरच्या यंत्राला तो मिळाला. माणसाने वाचला, असं यातली एकही खूण म्हणत नाही. पाड्यावरच्या बाईंनी ‘बाळंतीण, गाडी पाठवा’ लिहिलं, खूण आली, त्या थांबल्या, आणि इकडे टेबलावरचा नोड रिकाम्या खोलीला संदेश दाखवत राहिला, तर हे यंत्र नसलेलंच बरं. नसतं तर त्या निदान सोंडेवर तरी गेल्या असत्या. त्यामुळे आपल्याकडे मागायची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट डबा लावायची परवानगी ही नाही. १०७७ च्या कक्षात चोवीस तास जो कर्मचारी बसतो त्याच्या कामाच्या यादीत या पडद्याची भर पडावी, आणि प्रत्येक संदेशाला ‘वाचलं, गाडी निघाली’ किंवा ‘वाचलं, गाडी नाही’ असं माणसाने लिहिलेलं उत्तर जावं. तेवढं जमणार नसेल तर बाकीच्या मागण्या बाजूला ठेवा, आमची तक्रार नाही.

कायद्याबद्दल. केंद्राने २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. एक वॉटपर्यंत प्रक्षेपणशक्तीची मुभा आहे, आमचे बोर्ड त्याच्याही बरेच खाली चालतात. पण दोन गाठी आहेत. नियमात वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ म्हटली आहे आणि मेशटास्टिकची मूळ सेटिंग २५० ची आहे. १२५ ची सेटिंग उपलब्ध आहे. ती लावली की वेग आणखी उतरतो, पण नियमात बसतं. माझा आग्रह असा की जिल्ह्याचं जाळं पहिल्या दिवसापासून १२५ वरच असावं. दुसरी गाठ म्हणजे परवाना लागत नसला तरी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या प्रत्येक बोर्डाला ती असतेच असं नाही. सरकारी टाकीवर लागणारा प्रत्येक डबा मान्यतेच्या मॉड्यूलचाच असावा, अशी अट आपणच घाला.

हे लिहायचं कारण असं की परवानगी मागायला गेलं की समोरच्याच्या डोळ्यांत आधी संशय दिसतो. एका कार्यालयात आमच्या डब्याला जॅमर म्हटलं गेलं, दुसरीकडे सॅटेलाइट फोन. दोन्ही नाही. तो संशय अगदी अनाठायी आहे असंही म्हणत नाही. देवळालीला तोफखाना आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे, हे साधं शहर नव्हे. म्हणून आम्ही आपणहून सांगतो : स्थिर नोड कुठे आहे, कुणाच्या ताब्यात आहे, बोर्ड कुठला, याची नोंदवही पोलिसांकडे राहू द्या. लष्करी हद्दीच्या आसपास कुठे लावू नये ते आपण ठरवा. आपत्तीच्या सामाईक चॅनलची किल्ली पोलिसांपासून लपलेली नसावी. थेट संदेश बंदिस्त राहावेत, कारण आजाऱ्याची आणि बाळंतिणीची माहिती गावभर ऐकू जायचं कारण नाही.

हॅम रेडिओवाले आहेत की, असंही विचारलं जातं. आहेत, आणि त्यांचं ऋण मोठं आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपात, २००४ च्या त्सुनामीत अंदमानला त्यांनीच पहिले निरोप पोचवले. त्यांचा रेडिओ आमच्यापेक्षा कितीतरी लांब जातो. पण त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, परवाना घ्यावा लागतो, आणि सुरगाण्याच्या आशाताईंनी आधी परीक्षा द्यावी असं आपण म्हणू शकत नाही. उलट जिल्ह्यातल्या परवानाधारकांना कक्षाच्या टेबलाशी बसवा. मेशवरून आलेली खबर जिल्ह्याबाहेर न्यायची वेळ आली तर ते नेतील.

तेव्हा सुरुवात छोटी करावी. त्र्यंबक तालुक्यातलं एखादं खोरं निवडा, जिथे रेंज नाही हे तहसीलदारांनाच पाठ आहे. त्या खोऱ्यातल्या दोन-तीन सरकारी उंच्या, अंजनेरीच्या बाजूला आधीच उभी असलेली एखादी इमारत, शहरातली एक पाण्याची टाकी आणि आपला कक्ष. डबे आम्ही बनवू, आशाताई आणि पोलिस पाटलांना शिकवायचं कामही आमचं. पैसे मागत नाही. एक पावसाळा चालवून बघू : किती संदेश निघाले, किती पोचले, किती वाचले गेले, कुठला डबा कुठल्या आठवड्यात मेला, हे सगळं लिहून आपल्यासमोर ठेवू. नाही जमलं तर डबे काढून नेऊ, भिंतीला पडलेली भोकं बुजवून.

शहरातल्या टाकीची पाहणी पावसाळ्याआधी व्हायला हवी, कारण ओल्या शिडीवर कुणाला चढवणं बरं नाही. आपल्या कार्यालयातून ज्यांना पाठवाल त्यांना चपला घालून येऊ नका एवढं सांगावं. टाकीला जिना अर्ध्यापर्यंतच असतो, पुढे लोखंडी शिडी.

कळावे,

आपला,
पंचवटीतला एक रहिवासी,
महात्मा गांधी रोडवरचा रेडिओ दुरुस्तीवाला